पाठमोरी गाडी

“ती पांढरी गाडी उलटी का लावलीय?”

येरिंडात आल्यावर मी विचारलेला हा पहिला प्रश्न. तो दोनदा विचारावा लागला, कारण कात्री माझ्या दातांत होती आणि दोन्ही हात एका धिप्पाड शेतकऱ्याच्या घोट्याला चिकटपट्टी गुंडाळण्यात अडकले होते.

“कुठली?” बेव्ह म्हणाली. बेव्ह क्लबचं कँटीन चालवायची आणि गावच्या खबरीही तिथूनच सुटायच्या.

मी हनुवटीनं दाखवलं. मैदान लंबगोल, भोवती कमरेएवढं कुंपण, आणि कुंपणाला नाक लावून गावातल्या साऱ्या गाड्या. थंडीच्या दिवसांत लोक गाडीतच बसून सामना बघत आणि आपला गोल झाला की सगळे मिळून हॉर्न वाजवत. त्या रांगेत एकच गाडी मैदानाकडे पाठ करून उभी होती. आत एक म्हातारी बाई विणत बसली होती. तिच्यासमोर बघण्यासारखं म्हणाल तर गव्हाचं शेत आणि निलगिरीचं एक झाड.

“ती व्हय! एल्सीची गाडी. तिचा रिव्हर्स गियर पडत न्हाई, म्हणून तोंड आधीच बाहेर करून ठेवती.”

मला पटलं. दोन आठवड्यांनी एल्सी तीच गाडी किराणा दुकानासमोर झोकात मागे घेताना दिसली, तेव्हा पटलेलं परत घ्यावं लागलं.

बेव्ह बोलायची ती अर्थातच इंग्रजीत. पण ऑस्ट्रेलियातल्या त्या गव्हाच्या पट्ट्यातलं इंग्रजी, अर्धे शब्द गिळलेलं आणि टोमण्यांनी भरलेलं, माझ्या कानाला थेट आमच्या पेठेतलं लागायचं. म्हणून मी ते तसंच लिहिते. मी हेमलता साळोखे, कोल्हापूरची. येरिंडात त्या वेळी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. नवरा मेलबर्नला विद्यापीठात होता, तो शनिवारी रात्री यायचा. शनिवारची दुपार रिकामी आहे असं कळताच क्लबवाल्यांनी मला पायांना पट्ट्या बांधायला बसवलं. मी आनंदानं बसले. ज्या घरात बाप पेठेचा संघ हरला की जेवण सोडायचा, त्या घरच्या पोरीला फुटबॉल म्हटल्यावर आणखी काय सांगायचं?

फक्त हा फुटबॉल वेगळाच निघाला. चेंडू लांबट, पेरूला दोन्हीकडून ओढावं तसा. हातात घ्यायचा, लाथ मारायची, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून हवेत झेलायचा. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोघांतून गेला की सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तरी एक गुण. मी फोनवर हे आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगितलं.

“नेम चुकला तरी गुण?” ते म्हणाले. “हे लई चांगलं हाय गं. आमच्यात असतं तर आम्ही दर साली चषक आणला असता.”

माझा स्वभाव चौकशीखोर. आई त्याला चोंबडेपणा म्हणायची. त्या क्लबात मला एक सोडून तीन कोडी दिसली. पहिलं ती गाडी. दुसरं क्लबच्या सभागृहातल्या भिंतीवर. जिंकलेल्या प्रत्येक वर्षाचा एक संघफोटो तिथे ओळीनं टांगला होता, पण बासष्ट सालच्या पाटीखाली नुसता खिळा होता. विचारलं तर अध्यक्ष म्हणाला की फोटोवाल्याचा कॅमेरा बिघडला होता. तो हे म्हणाला आणि बेव्ह कप पुसायला लागली. कप कोरडाच होता.

तिसरं कोडं क्लेमकाकांचं. क्लेम हॅलम, वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे गेलेले, पण एके काळी सगळ्या जिल्ह्यात त्यांच्यासारखा खेळाडू नव्हता असं म्हणत. आता ते सामन्याच्या मधल्या सुट्टीत खेळाडूंना संत्र्याच्या फोडी द्यायचे. बादली उपडी घालून ती आमच्या बाकाशेजारी ठेवायचे आणि तिच्यावर बसायचे. तिथे वडिलांच्या वयाच्या माणसालाही नावानं हाक मारतात, पण माझी जीभ वळेना. मी त्यांना काका म्हणू लागले आणि त्याचा अर्थ कळल्यावर ते कानापर्यंत लाल झाले. तर या काकांची एक गंमत होती. आमचा एखादा खेळाडू बाहेर आला आणि बदली आत गेला, की त्यांचे ओठ हलायला लागायचे. थोडा वेळ हलायचे आणि थांबायचे. मला वाटायचं म्हातारा जप करतो.

एल्सी ही त्यांची बायको, हे मला कळायला महिना लागला. ती दर शनिवारी त्यांना गाडीतून आणायची, गाडी फिरवून लावायची आणि चार तास विणत बसायची. घरी परत नेताना निकाल काय लागला हेही विचारायची नाही, असं बेव्हचं म्हणणं.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्याला पोचलो. समोर बुलानूक, वीस मैलांवरचं गाव, शंभर वर्षांचं वैर. आणि गंमत अशी की तो दोन्ही क्लबांचा शेवटचाच सामना होता. गावं रिकामी होत चालली होती, अठरा पोरं जमवताना नाकी नऊ यायचे. पुढच्या वर्षापासून येरिंडा आणि बुलानूक मिळून एकच क्लब होणार, हे ठरलं होतं. म्हणजे जो जिंकेल त्याचं नाव कपावर कायमचं शेवटचं.

सामन्याच्या आधीच्या गुरुवारी सराव संपला. सभागृहात मी आणि क्लेमकाका दोघंच होतो. मी पट्ट्यांच्या गुंडाळ्या पेटीत भरत होते, ते भिंतीवरच्या त्या खिळ्याकडे बघत होते.

“काका, हा कप आपण जिंकायला पाहिजे,” मी म्हटलं.

“मला पायजेच हाय तो,” ते म्हणाले. इतकं सरळ ते कधी बोलत नसत. “एकदा तरी न मोजलेला कप पाहिजे, पोरी. मरायच्या आधी.”

“न मोजलेला म्हणजे?”

ते बसले. गुडघा दोन्ही हातांनी सरळ केला.

“मैदानावर एका बाजूचे किती असत्यात?”

“अठरा.”

“आणि एकोणीस झाले तर?”

मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं. समोरच्या संघात एक माणूस जास्त आहे असा संशय आला, तर कॅप्टननं पंचाकडे जाऊन मोजणी मागायची. दुसऱ्या कुणी मागून चालत नाही, कॅप्टननंच. मग खेळ थांबतो. समोरचा सगळा संघ मधोमध ओळीत उभा करतात आणि पंच एकेकाला बोट लावून मोजतो. एक जरी जास्त निघाला, तरी त्या संघानं तोवर केलेले सगळे गुण पुसून टाकायचे.

“सगळे?” मी म्हणाले.

“सगळे. शून्यापासून.” काकांनी हातानं पाटी पुसल्यासारखं केलं. “बासष्टचा अंतिम सामना. हेच बुलानूक. आमचा पार धुरळा उडवला होता त्यांनी. त्यांचा एकजण लंगडायला लागला, कोचनं बदली आत धाडला. लंगडा म्हणाला मी बरा हाय, आणि आतच ऱ्हायला. झाले एकोणीस. मी कॅप्टन होतो. मी मोजणी मागितली.”

“मग नियमच आहे ना तो.”

“व्हय. नियमच हाय.” ते हसले, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. “कप आमचा झाला. फोटोवाला आला, म्हणाला उभं ऱ्हावा. कुणीच उभं ऱ्हायलं न्हाई. आमचीच पोरं, हां. एकेक करून गाड्यांत बसली आणि घरला गेली.”

म्हणजे ओठ हलायचे तो जप नव्हता. चाळीस वर्षं हा माणूस आपलीच माणसं मोजत होता, अठराच आहेत ना म्हणून. मला भरून आलं, आणि माझी चौकशीखोर जीभ तरीही गप्प बसेना.

“तो एकोणिसावा कोण होता, काका?”

त्यांनी बादली उचलली. “एल्सी वाट बघत आसंल,” म्हणाले आणि गेले.

घरी येऊन मी आण्णांना फोन लावला. तिकडे दुपारची वेळ होती, त्यांची झोप मोडली, पण फुटबॉलचा विषय म्हटल्यावर ते लगेच उठून बसले. सगळं ऐकून म्हणाले, “आमच्यात असली मोजणी झाली असती तर दसऱ्यापतूर दोन पेठांत रोटीबेटी बंद पडली असती.”

“पण आण्णा, नियम तर होता.”

“नियम हायच की. पर जिंकलेला गडी चाळीस साल तोंड लपवून बसलाय म्हंजी त्यात नियमापरीस कायतरी जास्तीचं हाय. इचार की कुणालातरी.”

सामना तिसऱ्याच गावच्या मैदानावर होता. सप्टेंबरचा शनिवार, ऊन स्वच्छ, वारा बोचरा. दोन्ही गावं ओस टाकून सगळे आले होते. एल्सीची पांढरी गाडी तिथेही पाठमोरी उभी होती. सामना सुरू व्हायच्या आधी मी बेव्हकडून चहा घेतला आणि मुद्दाम तिच्या खिडकीशी गेले.

“चहा, काकू. थंडी फार आहे.”

तिनं काच खाली केली, चहा घेतला. “तू त्या पोरांचे पाय बांधतीस न्हवं? घट्ट बांध. क्लेमचे कुणी बांधले न्हाईत म्हणून हे हाल झाले.” आणि काच वर केली. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या आरशाकडे गेलं. गाडीच्या आत वर असतो तो आरसा, कुंकू लावताना ओढून घ्यावा तसा तिनं अगदी खाली ओढून घेतला होता. तेव्हा मला वाटलं, म्हातारपणी हिला केस विंचरायची हौस असेल.

सामना काय वर्णावा! चारांपैकी पहिल्या तिन्ही भागांत कधी आम्ही पुढे, कधी ते. हॉर्नचा एवढा गलका की आमचा कोच बाकाशी उभा राहून ओरडायचा आणि कुणाला काही ऐकू जायचं नाही. क्लेमकाकांनी संत्री वाटली, पण स्वतः एक फोडही तोंडात टाकली नाही. चौथ्या भागाच्या शेवटाला आम्ही चार गुणांनी पुढे होतो. फक्त चार. एका गोलात सगळं उलटं होणार. वेळ अगदी थोडा उरला होता.

तेवढ्यात आमचा डॅन नावाचा गडी भुवई फुटून बाहेर आला. रक्त वाहत असेल तर खेळता येत नाही. बदली आत गेला, मी डॅनला खाली बसवलं, जखम पुसली, पट्टी चिकटवली. पट्टीवरून बोट काढलं न काढलं तोच तो उठला आणि धावतच आत शिरला. “थांब, बदली बाहेर येऊ दे!” मी ओरडले. हॉर्नच्या गलक्यात ते त्याच्यापर्यंत गेलंच नाही.

बदलीला वाटलं, डॅन दुसऱ्या कुणासाठी आलाय. तो आतच राहिला.

क्लेमकाकांचे ओठ हलायला लागले. थांबले. पुन्हा पहिल्यापासून हलायला लागले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. 

“हेम, तू मोज.”

मी मोजायला लागले. धावत्या माणसांना मोजणं म्हणजे कळपातल्या मेंढ्या मोजण्यासारखं, एक मोजेपर्यंत दुसरी जागा बदलते. पहिल्यांदा सतरा आले. दुसऱ्यांदा एकोणीस. तिसऱ्यांदाही एकोणीस.

बुलानूकच्या कॅप्टनला हे दिसलं तर तो पंचाकडे जाणार, आमची सगळी पोरं मधोमध ओळीत उभी राहणार आणि पाटीवरचे आमचे सगळे गुण पुसले जाणार. क्लेमकाकांचा न मोजलेला कप पुन्हा मोजणीतच जाणार होता, आणि या वेळी मोजले जाणार होतो आम्ही. कोचचे निरोप मैदानात पोचवणारा पोरगा पार पलीकडच्या टोकाला होता. मी इकडेतिकडे बघायला लागले आणि पलीकडे, बुलानूकच्या बाकामागे, एक उंच म्हातारा उभा राहिलेला दिसला.

तपकिरी हॅट, उन्हानं रापलेला चेहरा. तो त्या गावचा वाटत नव्हता, सकाळपासून कुणाशी बोललेला मी पाहिला नव्हता. सगळे चेंडूकडे बघत होते. तो चेंडूकडे बघतच नव्हता. त्याचं बोट मांडीवर हलत होतं, आमचा एकेक गडी बघून एकेकदा.

“काका,” मी म्हणाले, “तो मोजतोय.”

क्लेमकाकांनी मान वळवली आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द आला.

“नॉर्म.”

माझ्यामागे बेव्ह किटली घेऊन उभी होती. तिचा हात एकदम खाली आला. “अगं बाई! एल्सीचा भाऊ हा. चाळीस वर्सांनी परत आलाय,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “हाच तो. एकोणिसावा.”

एका क्षणात सगळी कोडी सुटली, आणि सुटल्याचा आनंद काही झाला नाही. बेव्ह भराभर सांगत होती. एल्सी बुलानूकची. त्या साली तिची आणि क्लेमची सोयरीक ठरलेली. दर रविवारी क्लेम त्यांच्या घरी जेवायला. नॉर्म धाकटा, पहिल्यांदाच अंतिम सामन्याला बदली म्हणून निवडलेला. चूक कोचची, पण गावानं सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. बापसुद्धा त्याच्याशी बोलेना. तो उत्तरेला उसाच्या मळ्यांत निघून गेला आणि परत फिरकला नाही. एल्सीनं लग्न मोडलं नाही. गाडी फिरवली.

बुलानूकचा कॅप्टन नॉर्मच्या समोरच, कुंपणापासून दहा पावलांवर उभा होता. चेंडू कुंपणापलीकडच्या गाड्यांखाली गेला होता, पंच तो परत यायची वाट बघत होता. नॉर्मनं एक हाक मारली असती तरी पुरे होतं. त्यानं कॅप्टनच्या दिशेनं पाऊल टाकलं. क्लेमकाकांनी डोळे मिटले.

मी मिटले नाहीत. म्हणून मी बघितलं की नॉर्म थांबला, वळला आणि बाकांच्या मागून, सावकाश, हातातली हॅट मांडीवर आपटत आमच्याकडे चालत आला.

“क्लेम,” तो म्हणाला. चाळीस वर्षांनंतरचा पहिला शब्द. “तुमचा एक जास्त हाय. काढून घे.”

क्लेमकाका उठले. त्यांच्या त्या गुडघ्यांनी ते कसे उठले, मला आजही कळत नाही. आमचा सगळ्यात भरवशाचा बचावपटू शेन बाकाच्या अगदी जवळ होता. काका रेषेवर जाऊन त्याच्यावर ओरडले. “शेन! बाहेर ये!”

“शेनला नको!” कोच किंचाळला. “डॅनला येऊ द्या की! अर्धं मिनिट थांबा!”

डॅन पार त्या टोकाला होता. अर्धं मिनिट म्हणजे काहीच नव्हतं. कुणाला काही कळलंही नसतं.

“एक क्षण न्हाई,” क्लेमकाका म्हणाले. “ह्यानं मला एक क्षणसुद्धा उसना द्यायचा न्हाई.”

शेन गोंधळून बाहेर आला. काकांचे ओठ हलले. अठरा. मग ते बादलीवर बसले, आणि नॉर्म त्यांच्या शेजारी उभा राहिला. परत आपल्या बाजूला गेला नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. चेंडू आत आला, उंच उडाला आणि नेमका जिथे शेन असायला हवा होता तिथे बुलानूकच्या गड्यानं तो झेलला. त्यानं लाथ मारायच्या आधीच सामना संपल्याचा भोंगा वाजला. तरी असा झेल घेतला की नियमाप्रमाणे ती लाथ मिळते.  चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला. सहा गुण. आम्ही दोन गुणांनी हरलो.

बुलानूकच्या गाड्यांच्या हॉर्ननी कान फुटायची वेळ आली. आमचा कोच जमिनीवर लोळत होता. मी रडत होते, खोटं कशाला बोलू, ढसाढसा रडत होते. क्लेमकाकांकडे बघायची माझी छाती होईना. शेवटी बघितलं तर ते नॉर्मच्या हातावर संत्र्याची फोड ठेवत होते.

“तू माझ्याशेजारी येऊन उभा ऱ्हायलास,” ते त्याला म्हणत होते. “आठवतंय? आत आलास, कुणाला पकडावं कळंना तुला, म्हणून माझ्याकडं आलास. आणि हसलास. तू हसलास म्हणून मी मोजलं, नॉर्म. न्हाईतर मला कळलंसुद्धा नसतं.”

नॉर्मनं फोड तोंडात टाकली. सालासकट चावली असावी, इतका वेळ चावत राहिला.

“मला वाटलं, भाऊजी हाय आपला,” तो म्हणाला. “भाऊजीकडं बघून हसायचं न्हाई तर काय करायचं?”

मधोमध फोटोची तयारी चालली होती. बुलानूकचा म्हातारा अध्यक्ष कुंपणापर्यंत आला. तो स्वतः बासष्टच्या त्या संघात होता, हे मला नंतर कळलं. तो बराच वेळ हॅटवाल्याकडे बघत राहिला. 

“नॉर्म, ये की,” तो म्हणाला. “तुझी जागा हाय आमच्यात.”

नॉर्म निघाला. निघताना त्यानं क्लेमकाकांचा दंड धरला आणि सोडला नाही. काका नको नको म्हणत होते, गळ्यात येरिंडाचा लाल मफलर, हातात रिकामी बादली. त्या निळ्या कपड्यांच्या घोळक्यात ते ओढले गेले आणि एका टोकाला उभे राहिले.

फोटोवाला कॅमेऱ्याआडून डोकं काढून ओरडला, “एक जास्त होतोय! तो लाल मफलरवाला कडेला बाहेर पडतोय.”

“असू दे,” नॉर्म म्हणाला. “दाटून उभं ऱ्हातो. आज कुणी कुणाला मोजायचं न्हाई.”

सगळे सरकले. फोटोवाला पुन्हा वाकला. आणि नेमका तेव्हाच एक हॉर्न वाजला. लांबलचक, घोगरा, कधी न वापरलेला हॉर्न असतो तसा. मी वळले. पांढऱ्या गाडीचं तोंड मैदानाकडे होतं. एल्सी स्टिअरिंगवर दोन्ही हात दाबून बसली होती, मांडीवरचं विणकाम उघड्या दारातून खाली गवतात पडलं होतं, आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मी धावत गेले. विणकाम उचलून दिलं.

“बघितलंत तुम्ही, काकू?”

“सगळं बघितलं. दर शनिवारी बघती,” ती म्हणाली आणि वरच्या आरशावर टिचकी मारली. “चाळीस वर्सं ह्यात बघितलं. पण आरशात सगळं उलटं दिसतंय गं. नॉर्म ह्या बाजूनं त्या बाजूला गेला का त्या बाजूनं ह्या, हे काय मला कळंना. म्हणून फिरवली.”

आता या गोष्टीला वीस-बावीस वर्षं झाली. क्लेमकाका आणि एल्सी दोघंही नाहीत. नॉर्म त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत शेवटपर्यंत राहिला आणि तिरडीला खांदा द्यावा तसा दोघांच्याही शवपेट्यांना त्यानं खांदा दिला. मी अजून त्या जोड-क्लबाचे पाय बांधते. सभागृहात बासष्टच्या पाटीखालच्या त्या खिळ्यावर आम्ही तोच फोटो लावलाय, साल चुकीचं असलं तरी.

फोटो काही चांगला आलेला नाही. त्यात एकही माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाही. निळ्या कपड्यांतली सगळी पोरं, हॅटवाला, कडेचा अर्धा कापलेला लाल मफलर, सगळे माना वळवून उजवीकडे कुठेतरी बघतायत, आणि लाल मफलरवाला तोंड उघडं टाकून बघतोय.

गेल्या हंगामात दवाखान्यात एक नवी मुलगी आली, केरळची. मी तिला शनिवारी घेऊन गेले. घोट्याला पट्टी बांधता बांधता तिची नजर त्या फोटोवर गेली.

“ही सगळी माणसं काय बघतायत?” तिनं विचारलं.

बेव्हचे हात आता थरथरतात, पण कप पुसायचं तिनं सोडलेलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

“काही नाही गं,” मी म्हटलं. “एका बाईच्या गाडीचा रिव्हर्स गियर नुकताच दुरुस्त झाला होता.”